चोवीस हात चुना

"वरून अकरा हात, मग एक जाड काळी रेघ. त्याखाली तेरा हात, मग पुन्हा एक जाड काळी रेघ." मी वहीतून वाचून दाखवलं. "त्याच्याही खाली पुष्कळ हात आहेत, पण तशी जाड रेघ पुढे कुठे नाही."

येमूल सर खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. "क्षमा, गुणपत्रक वाचू नकोस. निकाल सांग."

"निकाल अजून नाही, सर. ही नुसती मोजणी आहे."

"आज शुक्रवार. सोमवारी सकाळी या दारात जेसीबी उभा राहणार आहे. मोजणीतच तीन दिवस घालवणार का?"

उंबऱ्याशी महादेवीअक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. पासष्टीच्या, सडपातळ, पालिकेच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. या घरातल्या शेवटच्या भाडेकरू त्याच. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काळी रेघ म्हणजे काय गं पोरी?"

मी त्यांना सांगितलं. आदल्या दिवशी मी कपाटामागच्या भिंतीचा नखाएवढा टवका काढून कॉलेजात नेला होता. तो कडेनं घासून गुळगुळीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दर दिवाळीला लावलेल्या चुन्याचा एक हात, म्हणजे एक पांढरा पट्टा. दोन पट्ट्यांच्या मध्ये वर्षभराची काजळी, केसाएवढी बारीक रेघ. गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर खिडकीतून येत होता आणि घरात रॉकेलचे दिवे होते. काजळीला तोटा नव्हता. पण मध्येच एखाद्या दिवाळीला चुना लागला नाही, तर काजळी दोन वर्षांची साठते. तिथं रेघ जाड दिसते.

अक्कांचे हात थांबले. "कपाट आम्ही एकोणसत्तर साली लावलं तिथं. त्याच्या आदल्या दिवाळीपर्यंत चुना लागलाय." त्या बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. अडुसष्टपासून मागं मागं येत त्या अठ्ठावन्नवर थांबल्या. "अकरा झाले की गं."

"हो."

"सत्तावन्नात आमचे अप्पा गेले. दुखवट्याच्या घरात चुना कोण लावतंय? तुझी रेघ बरोबर आहे."

येमूल सर खुर्चीवर मागं सरकून नीट बसले. मी वहीत 'सत्तावन्न' लिहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेली गोष्ट कुणाच्या तरी बोटांच्या पेरांवर जशीच्या तशी उतरेल, असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

"आणि त्याखालचे तेरा?" सरांनी विचारलं.

अक्का पुन्हा मोजत चव्वेचाळीसपर्यंत आल्या. एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"ती त्रेचाळीसची," त्या म्हणाल्या. "ती चन्नूची रेघ."

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. सोलापुरात ते घर अजूनही काही म्हाताऱ्यांच्या तोंडी 'मास्तरांचं घर' म्हणून आहे, जरी तिथं आता पाच मजली इमारत आणि खाली औषधांचं दुकान आहे. मास्तर म्हणजे कादंबरीकार मार्तंड धारूरकर. त्या दगडी घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेऊन ते अकरा वर्षं राहिले. दिवसा शाळेत शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ लिहायचे. 'तिसरा भोंगा' ही त्यांची गिरणगावची कादंबरी त्याच खोलीत लिहिली गेली. मागच्या दोन खोल्यांत बिराजदारांचं कुटुंब होतं. मास्तरांनी सोडल्यावर पुढची खोलीही त्यांनीच घेतली. महादेवीअक्का त्या घरातली मुलगी.

येमूल सर मला शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरी तेलुगू बोलत. मराठी आपण या कादंबरीतून शिकलो, असं ते दर गॅदरिंगला सांगायचे. कादंबरी त्यांनी तेवीस वेळा वाचली होती आणि हा आकडा त्यांनी कधी वाढवून सांगितला नाही. मास्तरांचं घर वाचवायला त्यांनी समिती काढली, अर्ज केले, उपोषणाला बसले, तिसऱ्या दिवशी साखर उतरल्यामुळे उठले. शेवटी घर विकलं गेलं. बिल्डरनं सरांना फार तर रविवार संध्याकाळपर्यंत मोकळीक दिली. "काय न्यायचं ते न्या," म्हणाला. सरांना फक्त एक वाक्य न्यायचं होतं.

मास्तरांनी उतारवयात एका दिवाळी अंकात आठवण लिहिली होती. कादंबरीचं पहिलं वाक्य सुचलं तेव्हा हाताशी कागद नव्हता. बैठ्या मेजापाशी बसल्या बसल्या ते त्यांनी पेन्सिलीनं भिंतीवर लिहिलं, खिडकीच्या डाव्या अंगाला. छापताना वाक्य बदललं. मूळचं भिंतीवरच राहिलं आणि छत्तीस सालच्या दिवाळीत त्यावर चुना लागला. 'ते वाक्य अधिक चांगलं होतं, पण आता ते माझंही राहिलेलं नाही,' असा त्या लेखाचा शेवट होता. तो लेख वाचल्यापासून तीस वर्षं येमूल सर त्या भिंतीकडे बघत होते.

आणि भिंतीचा सत्यानाश त्यांनीच केला होता. पाच वर्षांपूर्वी मास्तरांच्या जन्मशताब्दीला मंत्री यायचे होते. खोली चांगली दिसावी म्हणून समितीनं वर्गणी काढून सगळ्या भिंतींना क्रीम कलरचा ऑइलपेंट दिला. तेल चुन्यात मुरलं आणि सगळे हात एकमेकांना चिकटून दगड झाले. हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्या क्रीम रंगावरून एकदा बोट फिरवलं.

"आणि मंत्री आलेच नाहीत," मग म्हणाले.

वाचला होता तो फक्त सागवानी कपाटामागचा भाग. कपाट हलेना म्हणून रंगाऱ्यांनी ते तसंच सोडलं होतं. ते कपाट बरोबर खिडकीच्या डाव्या अंगाला होतं.

म्हणून सर माझ्याकडे आले. मी एम.एस्सी.ला चुन्याच्या गिलाव्यावर प्रबंध लिहिला होता आणि तेव्हा एका कॉलेजात नुकती शिकवायला लागले होते. "चुना म्हणजे रसायनच की," ते म्हणाले होते. "तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ?"

चन्नूची हकीकत अक्कांनी त्या शुक्रवारीच सांगितली, शेंगा फोडता फोडता.

चन्नू म्हणजे चन्नवीर, त्यांचा धाकटा भाऊ. त्रेचाळीसच्या श्रावणात विषमज्वरानं गेला. आठवं लागलं होतं.

"दिसायला कसा होता?" मी विचारलं.

"तेच तर आठवत नाही गं. डोळे आठवतेत. काजळ घालायची आई. पण तोंड जुळवायला गेलं की दुसऱ्याच कुणाचं तरी येतंय. फोटो नव्हता आमच्यात. कोण काढतंय तेव्हा?" त्यांनी सूप हलवलं. "मास्तर मोजायचे आमाला. दिवाळीचा चुना वाळला की दोघांना त्या भिंतीला उभं करायचे आणि डोक्यावर पुस्तक धरून पेन्सिलीनं रेघ. शेजारी नाव, किती फूट, किती इंच. पुढच्या दिवाळीला चुन्यात रेघ जायची. पुन्यांदा नवीन."

"या भिंतीला?" सरांनी विचारलं.

"तिथंच की. मेजाच्या बाजूला."

मी वहीत बघत होते. चन्नूची शेवटची रेघ बेचाळीसच्या दिवाळीची. म्हणजे बेचाळीसच्या हातावर, बरोबर त्या खालच्या जाड काळ्या रेघेच्या आत. दोन वर्षांच्या काजळीनं झाकलेली, वर चोवीस हात चुना. जाड काजळी असली की वरचा चुना खालच्याला घट्ट धरत नाही. तिथून तो पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणजे ती रेघ अजून असेल तर मिळण्याची शक्यता बरीच होती.

अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "निघंल का गं ती?"

"निघेल की!" सरच म्हणाले. "आपल्या वाटेतच आहे. ती दिसली की पुढं जायचं. मास्तरांचं वाक्य तिच्याखाली किती हात, क्षमा?"

"सात."

"सात म्हणजे किती?"

"एक मिलिमीटरसुद्धा नाही."

"बघा अक्का, एक मिलिमीटर!" सर आनंदानं म्हणाले. "तुमचा भाऊ आणि माझं वाक्य शेजारी राहतात."

जागा तीच होती. खिडकीपासून हातभर, ऑइलपेंटपासून सुटलेली तेवढीच. वाटेत असलेली गोष्ट ओलांडून जाता येत नाही, ती खरवडून काढावी लागते, हे मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. म्हटलं, आधी सापडू तर दे.

शनिवारी सकाळी सातलाच आम्ही लागलो. मागच्या खोल्यांचं छप्पर उतरवायचं काम सुरू झालं होतं. बिल्डरचा मुकादम सिद्राम तुळया काढताना आपल्या माणसांवर ओरडत होता आणि मध्येच आमच्या खोलीत डोकावून, "बाई, ब्लेड पाहिजे का माझं? तुमचं लहान दिसतंय," असं म्हणून हसत होता. सागवानी कपाट त्याच्या माणसांनी पहारी लावून बाजूला सरकवलं होतं. अक्कांचं सामान जुळे सोलापूर या नव्या वस्तीतल्या फ्लॅटवर गेलं होतं. दोन पातेली, स्टोव्ह आणि परात तेवढी मागं ठेवली होती, आमच्यासाठी.

"तिथं नळाला चोवीस तास पाणी आहे म्हणे," त्या मला सांगत होत्या. "आणि संडास घरात. मला काय वाईट वाटंना बघ. चाळीस वर्षं अंगणातनं बादली नेली. पाडू दे."

चन्नूची उंची त्यांना पाठ होती. तीन फूट आठ इंच. आई पुढं कित्येक वर्षं म्हणायची. मी टेपनं जमिनीपासून तीन फूट आठ इंच मोजले, खूण केली आणि तिच्या वरखाली इंचभर अशी आडवी पट्टी उघडायला घेतली. जास्त उघडायचं नाही, कारण उघडलेलं पुन्हा झाकता येत नाही.

शस्त्रक्रियेचं पातं अगदी आडवं धरायचं, दाबायचं नाही, काजळीची सुटलेली फट शोधायची. पहिले अकरा हात सोपे गेले. सत्तावन्नची जाड रेघ आली आणि वरचा पापुद्रा तळहाताएवढा सुटून हातात आला. पुढचे तेरा फार चिवट होते. दुपारचे तीन वाजले. शेवटचा पापुद्रा निघाला आणि खाली काळपट करडी भिंत दिसली. दोन वर्षांची काजळी.

"पुस आता," सर म्हणाले.

"पुसलं तर पेन्सिलही जाईल. अक्का, थोडी कणीक मळता? घट्ट, तेल न घालता."

"चपात्या करू का?"

"भिंतीला हवी."

त्यांनी सिद्रामच्या माणसाकडून गव्हाचं पीठ मिळवलं, परातीत मळलं आणि लिंबाएवढा गोळा माझ्या हातात दिला. तो मी भिंतीवर हलकेच टेकवायचा आणि उचलायचा. कणीक काजळी टिपून घेते, घासत नाही. गोळा काळा झाला की अक्का दुसरा द्यायच्या. पाऊण तासानं पट्टी पांढरी झाली.

तिच्यावर काहीही नव्हतं.

मी भिंग लावून दोनदा बघितलं. अक्कांनीही बघितलं, चष्म्यातून आणि चष्म्यावरून. "नसंल," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी खोडली असंल." आणि परात धुवायला गेल्या.

सरांनी घसा साफ केला. "मग आता पुढचे सात…"

"उद्या," मी म्हटलं.

मला राग आला होता, स्वतःचाच. मोजणी चुकली नव्हती, वर्ष चुकलं नव्हतं. मग चुकलं काय? मी पिशवी भरली आणि बाहेर पडताना दार ओढून घेतलं. जुनं सागवानी दार, चार फळ्यांचं. वरच्या फळीवरची पट्टी सहा बोटं रुंद होती. खालच्या फळीखालची जेमतेम दोन. कुठल्याही सुतारानं असं दार केलं नसतं. खालून ते कुणीतरी कापलं होतं.

"अक्का!" मी तिथूनच ओरडले. "ही फरशी कधी बसवली?"

"शहाबादी? एकोणसाठला. आधी सारवायचो की."

दार कापावं लागलं होतं, कारण जमीन वर आली होती. मी उंबऱ्याजवळची एक सैल फरशी सिद्रामकडून उचलून घेतली. खाली वाळू, त्याखाली जुनी सारवलेली जमीन. मोजलं. साडेतीन इंच. चन्नू ज्या जमिनीवर उभा होता ती मी धरलीच नव्हती.

रविवारी सकाळी साडेतीन इंच खाली पातं लावलं. सर मागं उभे राहून श्वास रोखत होते, मग खोकत होते. अक्कांनी कणकेचे गोळे आधीच करून ओळीनं मांडले होते. साडेअकराला चोविसावा हात सुटला. मी काजळीवर पहिला गोळा टेकवून उचलला, दुसरा टेकवून उचलला. तिसऱ्याला एक आडवी रेघ दिसायला लागली, वीतभर लांब, अगदी सरळ. मग तिच्या उजवीकडे अक्षरं आली. 'चन्नवीर. ३ फूट ८ इंच.' आणि खाली, बारीक, 'आज रडला नाही.'

मग सर पुढं झाले आणि भिंतीला नाक लागेल इतके वाकले. "मास्तरांचंच अक्षर," ते म्हणाले. "मी हस्तलिखितं बघितलीत. हे त्यांचंच आहे."

अक्का भिंतीजवळ आल्या. त्यांनी रेघेला हात लावला नाही. रेघेच्या वर, भिंतीपासून बोटभर अंतरावर त्यांनी आडवा तळहात धरला, उभ्या मुलाच्या डोक्यावर धरतात तसा. तो तसाच राहिला.

"एवढाच होता," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, उंच होता."

"त्याच्या वर तुमचीही असेल," मी म्हटलं. "चार-पाच इंच वर. उघडू?"

"माझी कशाला? माझी उंची मला माहीत आहे." त्यांनी हात काढून घेतला, पदरानं नाक पुसलं. "बघितलं मी. झालं. आता तुमचं काढा सर पुढचं. मी चहा टाकते." आणि त्या मागं गेल्या.

सरांनी खिशातून छोटा कॅमेरा काढला. त्यांनी तयारी केली होती. चार फोटो घेतले, दोन माझ्याकडून घेववले. "अक्कांना मोठा करून देऊ, चौकटीत," ते म्हणाले. "त्यांच्याकडं फोटो नव्हता, आता होईल. बरोबर ना? आता सांग, वाक्य मिळेल?"

ते चुकीचं बोलत होते असं नाही. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच म्हटलं असतं.

"सांगता येत नाही, सर. खाली जाड रेघ नाही. सातही हात एकमेकांना घट्ट धरून आहेत. खरवडताना पेन्सिल सोबत येऊ शकते. थोडे शब्द मिळतील, थोडे जातील."

"टक्के सांग."

"चाळीस."

"आपण पस्तीसला पास करतो," सर म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

मग मी पातं उचललं. रेघेच्या डाव्या टोकाला टेकवलं. तिथं पेन्सिल थोडी जोरात दाबली गेली होती. मास्तरांनी तिथून सुरुवात केली असावी. मागून चहाचा वास येत होता. स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला. अक्का काही पुढं आल्या नाहीत. चहा होऊन पाच मिनिटं झाली, सात झाली. त्या मागं बसून आमचं खरवडून होण्याची वाट बघत होत्या, म्हणजे ते बघायला लागू नये.

मी पातं डबीत ठेवलं.

"काय झालं?"

"मी थांबते, सर."

"हात दुखतोय? थांब थोडं."

"नाही. मी हे काढणार नाही. चाळीस टक्क्यांसाठी शंभर टक्के खरवडायचं माझ्याच्यानं होणार नाही."

"अगं, फोटो घेतलाय ना आपण?"

"फोटो रेघेचा घेतलाय. चन्नू या भिंतीला टेकून उभा होता."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही. मी मोजमापाची माणूस. असं बोलत नाही.

सरांचा चेहरा लाल झाला. "तीस वर्षं, क्षमा," ते म्हणाले. "तीस वर्षं मी या भिंतीवरून डोळा काढला नाही. उद्या ती नसेल. तुला शिकवलं कुणी? तुला स्कॉलरशिपच्या परीक्षेला सायकलवर नेऊन कुणी बसवलं?"

"तुम्ही."

"मग?"

बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं. सर दारातून बाहेर गेले आणि रस्त्याकडच्या कट्ट्यावर पाठ करून बसले. खिडकीतून मला त्यांचं टक्कल आणि कॉलर दिसत होती. रस्त्यानं ओळखीची माणसं जात होती, नमस्कार करत होती. सर हात वर करत नव्हते.

मी भिंतीपाशी बसून राहिले. आपण चुकलो का, हे मी त्या वेळात पुन्हा पुन्हा तपासलं. उलटं करून बघितलं, सरांच्या बाजूनं बघितलं. दर वेळी उत्तर तेच येत होतं, पण त्यानं बरं वाटत नव्हतं.

अर्ध्या तासानं सर आत आले. मागं सिद्राम होता, हातात लांब पात्याची आरी घेऊन.

"हा तुकडा काढता येईल का भिंतीतून?" सरांनी मला विचारलं. माझ्याकडे न बघता.

"येईल. वर पातळ कापड खळीनं चिकटवायचं, कडेनं कापायचं, मागून सोडवायचं. नुसता चुन्याचा थर हलका निघेल. अर्धा इंच…"

"अर्धा इंच नाही. पार दगडापर्यंत काप," सर म्हणाले. "मागं माझंपण काही आहे."

सिद्राम आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. "मास्तर लोकांचं काय कळंना," म्हणाला आणि बाही वर सारली.

अक्का चहा घेऊन आल्या तेव्हा सर स्वतः मैद्याची खळ ढवळत होते. अक्कांनी भिंतीकडे बघितलं, रेघ होती. सरांकडे बघितलं. "थंड झालाय," एवढंच म्हणाल्या. "पुन्यांदा करते."

संध्याकाळी पाचला तुकडा सुटला, दीड फूट बाय एक फूट, पंधरा-सोळा किलोचा. आम्ही तो गोधडीत गुंडाळून टेम्पोतून नेला. सर मागं हौद्यात बसले, तुकडा मांडीवर धरून. दर खड्ड्याला, "सावकाश रे!" असं ओरडत होते. सोमवारी सकाळी घर पाडलं तेव्हा आमच्यापैकी कुणीही तिथं गेलं नाही. मला आठ वाजता प्रॅक्टिकल होतं.

माझं पुढचं आयुष्य त्या रविवारी ठरलं असं म्हटलं तर ते खोटं नाही. त्यानंतर मी जुन्या भिंतींचंच काम करत आले. आता अशी यंत्रं आहेत की वरचा थर न काढता खाली काय आहे याचा अंदाज घेता येतो. तसं एक यंत्र काही दिवसांसाठी माझ्याकडे आलं तेव्हा मी सरांना फोन केला. सर नव्वदीला आले होते.

"पाऊण तासाचं काम आहे, सर. मी अक्कांच्या घरी घेऊन येते."

"आण," ते म्हणाले. "नाही, थांब. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही त्यांनी हेच सांगितलं. मी आग्रह केला नाही. तोवर कादंबरी त्यांची एकतीस वेळा वाचून झाली होती आणि पहिलं वाक्य काय असेल याच्या चौदा शक्यता त्यांनी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. दर दिवाळीला अक्कांच्या घरी फराळाला जाऊन ते त्यात एखादी वाढवत.

पण मला आठवतो तो तुकडा बसवला तो दिवस. जुळे सोलापुरातला फ्लॅट, भिंती कोऱ्या, खिडकीतून लख्ख ऊन. मी तुकड्याला मागून फळी लावून लोखंडी चौकट करून आणली होती. भोक कुठं पाडायचं ते सुताराला सांगायचं होतं. सर हॉलच्या मधोमध उभे राहून भिंत न्याहाळत होते.

"इथं," ते म्हणाले, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर बोट ठेवून. "आल्यागेल्याला दिसलं पाहिजे. मास्तरांचं अक्षर आहे."

अक्का स्वयंपाकघरातून आल्या, हात पुसत. "तिथं नको. खाली. जमिनीपासनं रेघेपर्यंत तीन फूट आठ इंच."

"अहो अक्का, तिथं कोण बघणार? सोफ्यामागं जाईल."

"सोफा सरकवू की. चन्नूची उंची आहे ती, सर. वर टांगला तर मोठा होईल."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मी खिशातून टेप काढून त्यांच्या हातात दिला. ते सावकाश, एक हात भिंतीला धरून, आधी एका गुडघ्यावर आणि मग दुसऱ्या गुडघ्यावर बसले. टेपचं टोक फरशीला टेकवलं, वर ओढलं, चष्मा कपाळावर सारला आणि आकडा वाचायला भिंतीजवळ तोंड नेलं.

"टोक नीट टेकलंय ना?" अक्कांनी विचारलं.

"टेकलंय," सर म्हणाले. "द्या पेन्सिल."